थोरलीचं पान

उद्या माझी वहिनी परत गावी जातेय. घरी राहायला आलेल्या सवाशिणीला ओटी भरल्याशिवाय पाठवत नाहीत, म्हणून आज क्लिनिकमधून येताना मी ईसा टाउनच्या बाजारात उतरले. शेंडीचा नारळ इथे बहारीनमध्ये मिळता मिळत नाही. एका केरळवाल्याकडे मिळाला. हिरवा ब्लाउजपीस घेतला. हळकुंड, सुपारी घरात आहे. तांदूळही घरातच आहेत, आणि त्या तांदळाचंच मला तुम्हाला सांगायचं आहे. बसा जरा. चहा टाकलाय. दार ओढून घेते, वहिनी आतल्या खोलीत बॅग भरतेय. तिने ऐकलं तरी माझं काही म्हणणं नाही, पण अर्ध्यात येऊन रडायला लागेल आणि माझं सांगणं राहून जाईल.

माझ्या माहेरी एक बंदूक आहे. माहेर म्हणजे संगमेश्वरच्या आत, डोंगरात. माझ्या आजोबांनी ती एका गोऱ्या जंगलसाहेबाकडून घेतली होती, तो कायमचा विलायतेला निघाला तेव्हा. शिकारीची रायफल. गावातल्या ठासणीच्या बंदुका वेगळ्या, ही वेगळी. हिच्या घोड्याखाली एक लोखंडी कडी आहे. कडीत तीन बोटं घालून ती खाली ओढायची आणि पुन्हा वर दाबायची, की आतली रिकामी पुंगळी बाहेर उडते आणि नवं काडतूस जागेवर बसतं. खर्रक... खट्. एवढा एक आवाज लक्षात ठेवा.

घरात तिला कोणी बंदूक म्हणत नसे. ती थोरली. घरातली थोरली बाई असावी तसा तिचा मान. पूर्वी गावाची पारध निघायची, रानडुक्कर पडायचं आणि मग मटणाचे वाटे घालायचे. एक देवाचा, एक गोळी घालणाऱ्याचा, मग रान उठवणाऱ्या हाकेकऱ्यांचे, कुत्र्यांचा, आणि एक बंदुकीचा. बंदुकीचा वाटा आमच्याकडे सगळ्याच गावांत निघतो, पण तो बंदुकीचा मालक घरी नेतो आणि खातो. आमच्या घरी तो कोणी खात नसे. केळीच्या पानावर वाढून थोरलीच्या खुंटीखाली ठेवायचा आणि सकाळी उचलून बांधाबाहेर टाकायचा. पुढे शिकारीवर सरकारची बंदी आली, पारध थांबली. तरी शिमग्याला आणि दसऱ्याला थोरलीचं पान वाढलं जायचंच. डुकराच्या मटणाऐवजी डाळ-भात असायचा एवढंच.

एका शिमग्याला माझे बाबा, दत्ताराम त्यांचं नाव, चिडलेले होते. फॉरेस्टवाले घरी येऊन दमदाटी करून गेले होते. आईने पान मांडलं तर बाबांनी ते पायाने सारलं. म्हणाले, "शिकारच नाय तर वाटा कसला?"  त्यानंतर थोड्याच दिवसांत माझ्या धाकट्या बहिणीच्या, कांताच्या, उजव्या खांद्याच्या खळग्यात निळं उठलं. तो डाग आमच्या घरात सगळ्यांच्या ओळखीचा होता. रायफल उडाली की मागचा लाकडी दस्ता खांद्याला धक्का देतो, त्याचा डाग. शिकारीहून आल्यावर बाबांच्या खांद्यावर असायचा, आई त्याला आंबेहळद लावायची. आता कांता सहा वर्षांची. तिने बंदुकीला बोटसुद्धा लावलं नव्हतं, तिचा हातही खुंटीपर्यंत पोचत नव्हता.

आईने तिलाही आंबेहळद लावली. एका संध्याकाळी आम्ही सगळे घरात असताना बार झाला. बाहेर धावलो तर कांता अंगणात तुळशीपाशी पडलेली. अंगावर जखम नाही, रक्ताचा थेंब नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय कमजोर असेल. थोरली खुंटीवर होती. बाबांनी ती खाली काढली, नळीला नाक लावलं आणि पुन्हा टांगली. ते रडले नाहीत. पण त्या दिवसापासून आमच्याकडे रोज, दोन्ही वेळेला, थोरलीचं पान वाढलं गेलं, आणि जेवायला बसायच्या आधी बाबा रोज एकच विचारायचे. "थोरली जेवली काय?" आई आतून म्हणायची, "जेवली." मग आमचे घास सुरू.

लग्न होऊन मी प्रवीणबरोबर बहारीनला आले तेव्हा मला सगळ्यात जास्त कशाचं सुख झालं असेल तर ते या प्रश्नातून सुटल्याचं. इथे जेवताना कोणी काही विचारत नाही. प्रवीण एसीच्या कामावर आहे, त्याच्या शिफ्टप्रमाणे आमची ताटं वाढली जातात. माझ्या श्रद्धाला मी थोरलीचं कधी सांगितलं नाही, कांताचंही नाही. श्रद्धा आता अकरावीत आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलेल ती इंग्रजीतच. माहेरी ती लहान असताना एकदाच गेली होती. मला ते बरंच वाटायचं.

गेल्या दिवाळीनंतर बाबा गेले. मी एकटीच गेले होते. तेरावं झालं, आणि माझा भाऊ, गुंडूदादा, मला पडवीत बोलावून म्हणाला, "नीलम, थोरली आता पोलीस ठाण्यात जमा आहे. वारसाच्या नावावर करावी लागते. ती तुझ्या नावावर करू म्हणतो."

 मला आधी वाटलं, थट्टा करतोय.

"माझ्या? का?"

"का म्हणजे? तू पण बाबांची वारस आहेस."

आता तुम्हीच सांगा, माझं डोकं फिरेल की नाही? घर दादाच्या नावावर. आंब्याची कलमं दादाच्या नावावर. काजूची वरची बाग, नदीकाठचा तुकडा, सगळं त्याचं. माझ्या लग्नानंतर तालुक्याला नेऊन माझ्याकडून हक्कसोडपत्र करून घेतलं. तेव्हा सगळे म्हणाले, लेक परक्या घरची, तिला काय करायचंय जमिनीचं. मीही हसत सही केली, भावाची माया म्हणून. तेव्हा मी परकी होते. आणि कोणालाच नको असलेली वस्तू निघाली तेव्हा यांना आठवलं की लेक वारस असते!

मी पडवीतच जोरात सांगितलं, सगळ्या भावकीला ऐकू जाईल असं. "मी सगळ्यावरचा हक्क सोडलाय. तिच्यावरचाही सोडलाय. माझं नाव कुठे लावायचं नाही." दादा मान खाली घालून उठला. मला वाटलं, विषय मिटला.

पण थोरली कागदाने कोणाची होत नाही. कागद सरकारसाठी. आजोबांनी मरायच्या आधी बाबांच्या ओंजळीत एक काडतूस ठेवलं होतं, तेव्हा ती बाबांची झाली. मी ते दाराआडून पाहिलं होतं. दादानेही पाहिलं होतं.

मी निघायच्या दिवशी विशाखा वहिनीने पाट मांडला. सुतक फिटून एक दिवस झाला होता. मी म्हटलं, "अगं, आत्ता कसली ओटी भरतेस? बाबा जाऊन चौदा दिवस झालेत." तर ती म्हणाली, "ओटीला नाही म्हणू नये हो, वन्सं." तिचे डोळे भरले होते. मला वाटलं, बाबांच्या आठवणीने. मी पदर पसरला. तिने नारळ ठेवला, ब्लाउजपीस ठेवला, आणि तांदूळ घातले. ओंजळीऐवजी तिने अख्खं मापटं ओतलं, घाईघाईने. ओटीचे तांदूळ घरी नेऊन आपणच रांधायचे असतात, ते कोणाला देत नाहीत, टाकत तर नाहीतच. मी पदराची गाठ मारली, एसटीत ते पिशवीत बांधले आणि मुंबईला आले.

विमानतळावर त्या मशीनने माझ्या बॅगेतली नखं कापायची कात्री शोधून काढली. खोबऱ्याची वाटी शोधून काढली, ती काढून घेतली. तांदळाची पिशवी त्या मशीनमधून दोनदा गेली. काही दिसलं नाही.

इथे आल्यावर तांदूळ डब्यात ओतून डबा वरच्या फळीवर ठेवला आणि विसरले. रोजचा स्वयंपाक, नोकरी. रमजान लागला. रमजानात आमचं क्लिनिक दुपारी लवकर बंद होतं. क्लिनिक जिदहफ्सला आहे, तिथून बसने घरी येते तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नसतं. दुकानांची शटरं खाली, मुलं घरात, सगळे उपवासाने गळून झोपलेले. इतकी शांतता की फ्रिज थांबला तरी दचकायला होतं.

अशाच एका दुपारी मी भांडी घासत होते. भिंतीतून आवाज आला.

खर्रक... खट्.

माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. नळ बंद केला. पुन्हा काही नाही. वरच्या मजल्यावर कोणीतरी कडी लावली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. प्रवीणला संध्याकाळी सांगितलं तर म्हणाला, "पाइप आहे गं. हवा अडकली की वाजतो." हा माणूस दिवसभर पाइप बघतो, त्याला सगळीकडे पाइपच दिसतात.

मग वास यायला लागला. शिवणाच्या मशीनच्या तेलाचा. बाबा थोरलीला तेच तेल लावायचे. आमच्या खालच्या मजल्यावर नसीमा राहते, रत्नागिरीकडचीच, कपडे शिवते. म्हटलं, ईदचे कपडे शिवतेय, तिच्याकडून येत असेल. खाली जाऊन विचारलं. ती म्हणाली, "माझी मशीन तर दुकानात पडलीय गो दुरुस्तीला. ईदच्या तोंडावर बिघडली मेली. आणि तू आलीस तशी तुझ्याच अंगाला वास येतोय तेलाचा... काय ओतून घेतलंस?"

मी वर आले, साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. वास गेला नाही.

त्या आठवड्यात श्रद्धा शाळेतून आली, युनिफॉर्म बदलत होती. मी कपडे उचलायला खोलीत गेले आणि तिच्या उजव्या खांद्याच्या खळग्यात निळं दिसलं. वाटीएवढं. कडेला जांभळं.

"हे काय गं?"

"डोन्ट नो, मम्मा. मस्ट बी द बॅग. इट डझन्ट ईव्हन हर्ट."

 मी पलंगावर बसले. ती म्हणत होती, "व्हॉट हॅपन्ड? मम्मा?" आणि मला तुळशीपाशी पडलेली कांता दिसत होती, तिच्या खांद्यावर पिवळी आंबेहळद. कशी आली ही इथे? मी तर नाही म्हटलं होतं. माझ्या हातात कोणी काही ठेवलं नव्हतं. मी एकेक आठवत गेले. कोणी काय दिलं, काय घेतलं. आणि मला ते घाईघाईने ओतलेले तांदूळ आठवले.

स्टुलावर चढून डबा काढला. ताटात तांदूळ ओतले. शेवटच्या मुठीबरोबर ताटात टण् असं वाजलं.

काडतूस होतं. बोटाएवढं लांब, पितळी, टोकाला शिशाची गोळी. जिवंत. परक्या देशात घरात जिवंत काडतूस सापडलं तर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. व्हिसा, नोकरी, सगळं खलास. पण देवाशपथ सांगते, मला पोलिसांची भीती वाटली नाही. मला राग आला. असा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. ओटी! बाईच्या पदरात घालायची ओटी, सौभाग्याची, लेकराबाळांच्या सुखाची, आणि तिच्यात हे लपवून घातलं. मी नाकारणार नाही हे त्यांना ठाऊक होतं म्हणून.

मी दादाला फोन लावला. हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"तांदळात काय घातलंत?"

 मागे कोंबडीचा आवाज येत होता, आमच्याच परसातला.

"दादा, बोल."

"नीलम... बाबा गेले आणि मी पान बंद केलं. म्हटलं, किती दिवस हे? तर रुपेशच्या खांद्यावर निळं उठलं गो. मला एकच पोर हाय."

"मला किती आहेत?"

"तसं नाय. मला वाटलं... मध्ये समुद्र हाय. ती काय समुद्र वलांडून पोचायची नाय. तिकडे गेली तर वाटेतच सुटेल, असं वाटलं. तू विमानात बसलीस नि दुसऱ्या दिवशी पोराचा खांदा साफ."

"आणि पोचली असती तर?"

तो कोंबडीला हुसकायला लागला. म्हणजे विचार केला होता त्याने. पोचली तर पोचली. तुझा मुलगा वंशाचा दिवा आणि माझी मुलगी समुद्रापलीकडची. मी त्याला काय काय बोलले ते इथे सांगत नाही. शेवटी त्याने एवढंच विचारलं, "पान वाढतेस ना?" मी फोन आपटला.

पान वाढायचं हा सोपा उपाय होता, मला कळत होतं. पण का वाढू? बापाने पायाने सारलेलं, भावाने बंद केलेलं पान मी जन्मभर का वाढू? आणि माझ्यामागे कोण वाढणार? श्रद्धाच ना? मी ठरवलं, नाही. समुद्र आडवा येतो असं त्याला वाटलं होतं ना, तर तिला समुद्रातच घालते.

दुसऱ्या दिवशी प्रवीणची सुट्टी होती. त्याला सगळं सांगितलं. काडतूस बघितल्यावर तो पाइपचं काही बोलला नाही. श्रद्धाला एकटं ठेवायची माझी तयारी नव्हती, म्हणून तिला म्हटलं, चल, अरादला इफ्तारची तोफ बघायला जाऊ. तिला ते लहानपणापासून आवडतं. मगरिबच्या, म्हणजे सूर्य बुडायच्या वेळेला अरादच्या किल्ल्यापाशी तोफ उडते, रोजा सुटतो. पोरं कानावर हात ठेवून उभी असतात, आया खजुराचे डबे उघडून तयार.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. किल्ल्याची भिंत पिवळी दिसत होती. प्रवीण श्रद्धाला घेऊन गर्दीत उभा राहिला. मी मागच्या बाजूने पाण्यापाशी गेले. तिथे कोणीच नव्हतं. पाणी अगदी स्थिर, लाट अशी नाहीच. मी रुमालातून काडतूस काढलं. ते गार असायला हवं होतं, माझ्या पर्समध्ये दिवसभर एसीत होतं. ते गरम होतं, कोणाच्या तरी मुठीतून आत्ताच घेतल्यासारखं.

मी तिच्याशी बोलले. मोठ्याने बोलले, लाज कसली? "माझ्या बापाने तुला पोसलं. तू त्याची लेक घेतलीस. माझ्या भावाने तुला हाकललं, तू त्याच्या पोराला सोडलंस, माझ्याकडे आलीस. का? बाईमाणूस म्हणून? मी सगळा हक्क सोडलाय, सही करून सोडलाय. तुझ्यावरचाही. माझ्या पोरीकडे बघायचं नाही." आणि अंगातल्या सगळ्या जोराने ते लांब फेकलं. पाण्यात पडल्याचा आवाज मी ऐकला. तरंग उठताना बघितले.

तेवढ्यात तोफ उडाली. किल्ल्यावरची कबुतरं उठली. अजान सुरू झाली. पोरं ओरडत होती, हसत होती. आणि त्या सगळ्या गलक्याखाली, पाण्याच्या बाजूने, अगदी जवळून...

खर्रक... खट्.

बार झाल्यावर शिकारी काय करतो? पुढचं काडतूस जागेवर बसवतो. मी धावत गर्दीत गेले. श्रद्धा उभी होती. धडधाकट. एक हात उजव्या खांद्यावर धरून समुद्राकडे बघत होती. मी तिला मिठी मारली तर म्हणाली, "मम्मा, यू आर स्क्वीझिंग मी."

 मला वाटलं, सुटलो. घरी आल्यावर मी कुकर लावला, प्रवीणने ताटं घेतली. तीन. आम्ही बसलो. मी भात वाढला, आमटी वाढली. प्रवीणने घास उचलला.

श्रद्धा जेवत नव्हती. ताटाकडे बघत होती. मग तिने मान वर केली आणि, मराठीत कधी दोन वाक्यं न बोलणारी माझी पोरगी, बाबांच्याच हेलात म्हणाली,

"थोरली जेवली काय?"

प्रवीणचा घास हातातच राहिला. मी काय करणार होते? उठले. चौथं ताट घेतलं, भात वाढला, आमटी घातली, आणि दाराआडच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं.  ती वाट बघत होती. शेवटी मी म्हटलं, "जेवली." मग ती जेवायला लागली. नंतर विचारलं तर तिला काही आठवत नव्हतं.

तेव्हापासून आमच्या घरी चार ताटं वाढली जातात. खांद्यावरचा डाग गेला. पण आता मला पान वाढावं लागत नाही. श्रद्धाच वाढते. कोणी सांगितलं नाही, शिकवलं नाही. वाढते आणि समोर बसून राहते. बसल्या बसल्या तिच्या उजव्या हाताची तीन बोटं खाली जातात, वर येतात. खाली, वर. मी हात धरला की थांबतात.

आणि या लोकांचा निलाजरेपणा बघा. ईद झाली आणि दादाचा फोन. "रुपेशला सुट्टी हाय. वहिनीला घेऊन व्हिजिटवर धाडतो. प्रवीणरावांना म्हणावं, पोराला तिकडे कुठे चिकटवता येतंय का बघा." मला वाटलं, फोनमध्ये हात घालून त्याचा कान पिळावा. पण मी म्हटलं, "धाड. जरूर धाड."

रुपेश गुणी मुलगा आहे. बाहेर हॉलमध्ये श्रद्धाला कॅरम शिकवतोय, ऐकू येतंय ना तुम्हाला? मला आत्या, आत्या करत मागे मागे फिरतो. त्याला यातलं काहीच माहीत नाही. तुम्ही म्हणाल, त्याची काय चूक? मला ठाऊक आहे, काही नाही. माझ्या कांताची काय चूक होती? श्रद्धाची काय आहे?

वहिनीला मात्र सगळं माहीत आहे. दहा दिवस ती माझ्या घरात जेवली, पण त्या कोपऱ्याकडे एकदाही बघितलं नाही. गावात सकाळपासून रात्रीपर्यंत नऊवारीत वावरणारी ही बाई कालपासून श्रद्धाचा पंजाबी ड्रेस घालून फिरतेय. म्हणते, "प्रवासाला बरं पडतं. आणि वन्सं, ओटीबिटी काय राहू द्या हं, मी तर साडीसुद्धा नेसलेली नाय." पदर नको म्हणून!

ते तांदूळ मी रांधले नाहीत. त्या दिवशी ताटातून परत डब्यात भरले आणि डबा फळीवर ठेवला. त्यात तांदळाशिवाय काही असायचं कारण नाही. जे होतं ते मी माझ्या हाताने अरादच्या पाण्यात टाकलंय, पाण्यात पडल्याचं ऐकलंय. आज मघाशी डबा खाली घेतला. तांदळाच्या मानाने जड लागला. हलवला, तर आत टण् वाजलं.

मी झाकण उघडलेलं नाही. उघडणारही नाही. जसेच्या तसे ओतायचे, मापटं भरून, ओंजळीऐवजी. ड्रेसची ओढणी आहे की. ओढणीतही ओटी भरता येते.

चहा घ्या, गार होतोय. ऐका, बॅग भरून झाली वाटतं तिची. वहिनी! ये गं बाहेर. पाट मांडलाय. ओटीला नाही म्हणू नये.

येत नाही. ऐकलंत? बॅगेची चेन ओढली असेल तिने.

पण चेन लावल्यावर शेवटी खट् असं वाजतं का हो?